स्कायरिम एसई: चादर मॉडच्या स्क्रिप्ट कंपाइल होत नाहीत, सोर्स फोल्डर नेमका कुठे हवा?

सिद्धेश्वरकाठ

नमस्कार मंडळी. स्कायरिम स्पेशल एडिशनसाठी सोलापुरी चादरीचं छोटं मॉड (गेममध्ये भर घालणारं पॅकेज) बनवतोय. चादर अंगावर घेतली की थंडीपासून बचाव करणारा स्पेल लागला पाहिजे, कीबोर्डवरचं G (जी) बटण दाबलं की चादर पांघरता-काढता आली पाहिजे, आणि हे बटण बदलायची सोय एमसीएम म्हणजे मॉडच्या सेटिंग्जच्या मेन्यूत हवी. मॉडेल, टेक्स्चर, ईएसपी (मॉडची मुख्य फाइल) सगळं तयार आहे. घोडं अडलंय स्क्रिप्टवर.

सेटअप असा: गेम १.६.११७०, एसकेएसई (स्क्रिप्टला जादा फंक्शन देणारं एक्स्टेंडर) २.२.६, क्रिएशन किट (सीके, मॉड बनवायचं बेथेस्डाचं साधन) स्टीमवरून घेतलेला, मॉड ऑर्गनायझर २ (एमओ). गेम सी ड्राइव्हवर, स्टीमच्या नेहमीच्या जागी म्हणजे प्रोग्राम फाइल्स एक्स८६ मध्ये. सीके पहिल्यांदा उघडताना स्क्रिप्ट्स.झिप उलगडू का असं विचारलं, हो म्हटलं. एसकेएसईच्या झिपमधला डेटा फोल्डर गेमच्या डेटा फोल्डरवर कॉपी केला. स्काययूआयचा (एमसीएम मेन्यू देणारं मॉड) एसडीके म्हणजे मॉड बनवणाऱ्यांसाठीचा सोर्सही तसाच टाकला.

तीन स्क्रिप्ट आहेत.

सोलचादर, ऑब्जेक्टरेफरन्सवरून एक्स्टेंड केलेली, फक्त ऑनइक्विप्ड आणि ऑनअनइक्विप्ड. ही सीकेमधून कंपाइल होते, "१ सक्सीडेड" येतं, पण डेटा\स्क्रिप्ट्समध्ये पेक्स फाइल (कंपाइल झालेली स्क्रिप्ट) दिसतच नाही.

सोलचादरकी, क्वेस्टवरून एक्स्टेंड. एरर: "रजिस्टरफॉरकी इज नॉट अ फंक्शन ऑर डज नॉट एक्झिस्ट".

सोलचादरमेन्यू, एसकेआय_कॉन्फिगबेसवरून एक्स्टेंड. एरर: "अननोन टाइप एसकेआय_कॉन्फिगबेस".

एसकेआय_कॉन्फिगबेस.पीएससी ही फाइल (पीएससी म्हणजे स्क्रिप्टचा सोर्स) डेटा\स्क्रिप्ट्स\सोर्समध्ये डोळ्यांसमोर दिसते आहे, तरी सीके म्हणतो असा टाइपच माहीत नाही. व्हीएस कोडच्या टर्मिनलमधून कंपायलर चालवून पाहिला तर तिन्हींना "(०,०): अनेबल टू लोकेट स्क्रिप्ट". गड्ड्याच्या यात्रेआधी मॉड टाकायचा विचार आहे. नेमकं कुठे चुकतंय?

---

मागावरचा

तुमच्याकडे दोन सोर्स फोल्डर झालेत आणि सीके त्यातला एकच वाचतोय. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्क्रिप्टच्या एररचं मूळ तेवढंच आहे. स्क्रिप्टमध्ये काही बदलू नका.

फोल्डरची नावं सावकाश वाचा, कारण ती आरशात पाहिल्यासारखी उलटी आहेत. २०११च्या मूळ स्कायरिममध्ये सोर्स असायचा डेटा\स्क्रिप्ट्स\सोर्समध्ये. स्पेशल एडिशनच्या सीकेमध्ये बेथेस्डाने ते उलटं केलं: डेटा\सोर्स\स्क्रिप्ट्स. तुमची स्क्रिप्ट्स.झिप तिथेच उलगडली आहे. पण एसकेएसई आणि स्काययूआय एसडीके यांनी जुनीच मांडणी ठेवली, त्यामुळे त्यांच्या पीएससी फाइली गेल्या डेटा\स्क्रिप्ट्स\सोर्समध्ये. सीके बघतो सोर्स\स्क्रिप्ट्समध्ये, आणि तिथे फक्त बेथेस्डाचा मूळ माल आहे.

आता तुमचे एरर या नजरेने वाचा. सोलचादर कंपाइल झाली, कारण ऑनइक्विप्ड हा मूळ ऑब्जेक्टरेफरन्सचाच इव्हेंट आहे, एसकेएसईची गरज नाही. रजिस्टरफॉरकी हे फंक्शन मूळ फॉर्म.पीएससीमध्ये नाहीच, ते एसकेएसईने बदललेल्या फॉर्म.पीएससीमध्ये आहे. सीकेने मूळ फॉर्म वाचला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की असं फंक्शन नाही. आणि एसकेआय_कॉन्फिगबेस तर त्या फोल्डरमध्ये कुणीच नाही. "अननोन टाइप" म्हणजे "या नावाची पीएससी फाइल मी शोधतोय त्या फोल्डरांत सापडली नाही", एवढाच अर्थ. फाइल डिस्कवर दुसरीकडे कुठे आहे याच्याशी कंपायलरला घेणंदेणं नाही.

उपाय. क्रिएशनकिट.एक्सई जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये क्रिएशनकिटकस्टम.आयएनआय नावाची फाइल उघडा, नसेल तर करा, आणि त्यात दोन ओळी टाका:

[पॅपिरस]
एसस्क्रिप्टसोर्सफोल्डर = ".\डेटा\स्क्रिप्ट्स\सोर्स"

नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन स्पेलिंग. क्रिएशनकिट.आयएनआय या मूळ फाइलला हात लावू नका. सीके अपडेट झाला की ती बदलली जाऊ शकते आणि मग दोन महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा पडतो.

मग सोर्स\स्क्रिप्ट्समधलं सगळं स्क्रिप्ट्स\सोर्समध्ये आणायचं, आणि इथे क्रम चुकला तर सगळं मुसळ केरात. आधी मूळ सोर्स. त्यावर एसकेएसईचा सोर्स, "फाइल बदलू का" विचारलं की हो म्हणा. शेवटी स्काययूआय. तुमच्या स्क्रिप्ट्स\सोर्समध्ये एसकेएसई आधीच बसलेलं आहे, त्यावर आत्ता मूळ सोर्स टाकलात तर ॲक्टर, गेम, फॉर्म या एसकेएसईने वाढवलेल्या फाइली मूळ फाइलींखाली गाडल्या जातील आणि रजिस्टरफॉरकीचा एरर जसाच्या तसा राहील. म्हणून कॉपी झाल्यावर एसकेएसईच्या झिपमधून सोर्स पुन्हा एकदा वर टाका.

नीट बसलं का, हे बघायला फॉर्म.पीएससी नोटपॅडमध्ये उघडा आणि रजिस्टरफॉरकी शोधा. सापडलं तर वरची फाइल एसकेएसईची आहे. त्याच फाइलमध्ये "एसकेएसई६४ ॲडिशन्स बिल्ट" अशी कॉमेंटची ओळही दिसेल. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि ती केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टीईएसव्ही_पॅपिरस_फ्लॅग्ज.एफएलजी (पॅपिरस म्हणजे स्कायरिमची स्क्रिप्टची भाषा) ही फाइल पण मूळ सोर्ससोबत नव्या जागी आली आहे ना ते पाहा. लोक फक्त पीएससी फाइली निवडून कॉपी करतात आणि ही एक मागे राहते.

आणि गेम प्रोग्राम फाइल्समधून बाहेर काढा. तिथे लिहायला विंडोज परवानगी मागतं. कंपायलरला कधी "ॲक्सेस डिनाइड" मिळतं. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून इन्स्टॉल्ड फाइल्स, मूव्ह इन्स्टॉल फोल्डर, डी ड्राइव्हवर. सीके स्टीममध्ये वेगळी नोंद आहे, तोही त्याच लायब्ररीत हलवा. दोघं एकाच स्कायरिम स्पेशल एडिशन फोल्डरमध्ये असायला हवेत.

---

भुईकोट

मागावरचा यांचं निदान बरोबर आहे, उपायातल्या एका गोष्टीशी मात्र सहमत नाही. एकाच फोल्डरमध्ये एकावर एक फाइली टाकायच्या म्हणजे खालचा थर कायमचा गेला. उद्या स्टीमने फाइली तपासून दुरुस्त केल्या, कुणी स्क्रिप्ट्स.झिप परत उलगडली, किंवा एसकेएसई नवीन आलं, की कुठली फॉर्म.पीएससी कुणाची हे सांगता येणार नाही. तुमच्याकडे एमओ २ आहेच. थर लावण्याचं काम त्याला करू द्या.

गेमच्या डेटा फोल्डरमधले सोर्स आणि स्क्रिप्ट्स\सोर्स हे दोन्ही फोल्डर आधी बाहेर कुठेतरी हलवून ठेवा. डेटा\स्क्रिप्ट्समध्ये सैल पडलेल्या एसकेएसईच्या पेक्स फाइलीही काढा, त्या मॉड म्हणून परत येणारच आहेत. गेमच्या मूळ फोल्डरमध्ये एसकेएसईचा फक्त लोडर आणि डीएलएल राहू द्या.

मग एमओमध्ये चार मॉड करा:

१. मूळ सोर्स
२. एसकेएसई स्क्रिप्ट
३. स्काययूआय एसडीके
४. सोलापुरी चादर

चौघांचीही आतली मांडणी एकसारखी हवी: मॉडचं नाव\स्क्रिप्ट्स\सोर्स\फाइल.पीएससी. एमओमध्ये मॉडचा फोल्डर म्हणजेच डेटा, त्यामुळे आत पुन्हा डेटा नावाचा फोल्डर राहता कामा नये. एसकेएसईची झिप एमओमधून बसवताना खिडकीत डेटा फोल्डरवर राइट-क्लिक करून "सेट ॲज डेटा डिरेक्टरी" निवडा. मूळ सोर्सच्या झिपमध्ये सोर्स\स्क्रिप्ट्स अशी उलटी मांडणी आहे, ती हातानेच सुलटी करायची: मॉड फोल्डरमध्ये स्क्रिप्ट्स नावाचा फोल्डर, त्यात सोर्स, त्यात सगळ्या पीएससी आणि फ्लॅग्जची फाइल.

डाव्या यादीत जो खाली, त्याची फाइल जिंकते. म्हणून वर दिलेला क्रम वरून खाली तसाच ठेवा. एसकेएसई स्क्रिप्टवर डबल-क्लिक करून कॉन्फ्लिक्ट्स टॅब उघडलात तर ॲक्टर.पीएससी, फॉर्म.पीएससी वगैरे फाइली मूळ सोर्सवर मात करताना दिसतील. उलटं दिसलं तर क्रम उलटा आहे, ओढून खाली आणा. एक बाइटही पुसला जात नाही.

क्रिएशनकिटकस्टमची ती ओळ मात्र हवीच, त्याशिवाय सीके स्क्रिप्ट्स\सोर्सकडे वळत नाही. आणि सीके एमओच्या आतूनच चालवा. एक्झिक्युटेबल्सच्या यादीत क्रिएशनकिट.एक्सई घाला. बाहेरून उघडलात तर त्याला यातला एकही थर दिसणार नाही, कारण ते डेटा फोल्डरमध्ये खरोखर नाहीतच. एमओ आपल्या पोटातून चालणाऱ्या प्रोग्रामलाच ते दाखवतो.

यातच तुमच्या हरवलेल्या पेक्सचं उत्तर आहे. एमओमधून चाललेल्या प्रोग्रामने नवी फाइल लिहिली की ती खऱ्या डेटात न जाता डाव्या यादीच्या अगदी तळाशी असलेल्या ओव्हरराइटमध्ये जाते. ओव्हरराइटवर डबल-क्लिक करा, आत स्क्रिप्ट्स\सोलचादर.पेक्स बसलेली असेल. राइट-क्लिक करून "मूव्ह कंटेंट टू मॉड", सोलापुरी चादर. हे दर नव्या फाइलला करायचं. नाही केलं तर मॉड झिप करताना पेक्स मागे राहते आणि मग उतरवून घेणारा म्हणतो, चादर आहे पण ऊब नाही.

---

मागावरचा

थरांचा मुद्दा मान्य आहे. एमओ वापरणाऱ्याने भुईकोट यांचीच पद्धत घ्यावी. एमओ न वापरता थेट डेटात काम करणाऱ्यासाठी माझा क्रम लागू पडतो.

---

सिद्धेश्वरकाठ

दोघांचे मनापासून आभार. गेम डी ड्राइव्हवर हलवला, थर लावले, फॉर्म.पीएससीमध्ये रजिस्टरफॉरकी दिसतंय. सोलचादरकी कंपाइल झाली! पेक्स ओव्हरराइटमध्येच होत्या.

सोलचादरमेन्यूचा एरर बदलला: आता "अननोन टाइप एसकेआय_क्वेस्टबेस". आणि व्हीएस कोडमधून अजूनही (०,०) येतंय. दर वेळी सीके उघडायला फार वेळ जातो, म्हणून बाहेरून कंपाइल करता आलं तर बरं.

---

कडकभाकरी

एरर बदलला ही चांगली खूण आहे. कॉन्फिगबेस सापडली, ती क्वेस्टबेसवरून एक्स्टेंड होते, ती सापडली नाही. तुम्ही एसडीकेमधून गरजेपुरती एकच फाइल उचललेली दिसते. कंपायलर तुमच्या स्क्रिप्टचा बाप, त्याचा बाप, आणि त्यांच्यात ज्या ज्या टाइपचं नाव आलंय ती प्रत्येक पीएससी शोधतो. क्वेस्टबेस आणलीत की एसकेआय_कॉन्फिगमॅनेजर मागेल, मग आणखी कुणी. एकेक मागे धावू नका, एसडीकेचा पूर्ण सोर्स फोल्डर त्या मॉडमध्ये टाका.

आता बाहेरून कंपाइल. (०,०) म्हणजे तुमच्या स्क्रिप्टची एक ओळही वाचली गेलेली नाही, ओळ शून्य, अक्षर शून्य. कंपायलरला फाइलच सापडली नाही. व्हीएस कोड एमओच्या बाहेर चालतोय, त्यामुळे डेटा\स्क्रिप्ट्स\सोर्स त्याच्या दृष्टीने रिकामा आहे. एमओच्या थरांच्या नादी न लागता खऱ्या फोल्डरांचे पाथ द्या. नोटपॅडमध्ये ही ओळ लिहून कंपाइल.बॅट नावाने ठेवा. सगळं एकाच ओळीत, इथे वाचायला तोडलंय. -एफ म्हणजे फ्लॅग्जची फाइल, -आय म्हणजे सोर्स शोधायचे फोल्डर, -ओ म्हणजे पेक्स जिथे जाते तो फोल्डर:

"डी:\स्टीमलायब्ररी\स्टीमॲप्स\कॉमन\स्कायरिम स्पेशल एडिशन\पॅपिरस कंपायलर\पॅपिरसकंपायलर.एक्सई"
"सोलचादरमेन्यू.पीएससी"
-एफ="टीईएसव्ही_पॅपिरस_फ्लॅग्ज.एफएलजी"
-आय="डी:\एमओ२\मॉड्स\सोलापुरी चादर\स्क्रिप्ट्स\सोर्स;डी:\एमओ२\मॉड्स\स्काययूआय एसडीके\स्क्रिप्ट्स\सोर्स;डी:\एमओ२\मॉड्स\एसकेएसई स्क्रिप्ट\स्क्रिप्ट्स\सोर्स;डी:\एमओ२\मॉड्स\मूळ सोर्स\स्क्रिप्ट्स\सोर्स"
-ओ="डी:\एमओ२\मॉड्स\सोलापुरी चादर\स्क्रिप्ट्स"

खाली दुसऱ्या ओळीत पॉज लिहा, म्हणजे एरर वाचायच्या आत खिडकी बंद होणार नाही.

-आयच्या यादीत क्रम एमओच्या नेमका उलटा आहे, हे लक्षात घ्या. एमओमध्ये खालचा जिंकतो, इथे जो आधी सापडला तो जिंकतो. फॉर्म.पीएससी एसकेएसईमध्येही आहे आणि मूळ सोर्समध्येही. मूळ सोर्स आधी लिहिलात तर रजिस्टरफॉरकीचा एरर परत दारात. स्वतःच्या स्क्रिप्टचा फोल्डरही या यादीत हवाच. तो नसला की (०,०).

पाथच्या शेवटी उलटी तिरकी रेघ ठेवू नका. सोर्स\" असं लिहिलं की विंडोज त्या रेघेला पुढच्या अवतरणचिन्हाशी जोडतं, अवतरण बंदच होत नाही आणि पुढचा -ओ सुद्धा -आयच्या पोटात जातो. एरर भलताच येतो आणि डोळ्यांना चूक दिसत नाही. पाथ सोर्स" असाच संपवा. आणि व्हीएस कोडचं टर्मिनल बहुतेक वेळा पॉवरशेल असतं, तिथे अवतरणाबाहेरचा अर्धविराम म्हणजे कमांड संपली. म्हणून पूर्ण यादी एकाच अवतरणजोडीत.

-एफ विसरलात तर "अननोन यूझर फ्लॅग हिडन" येईल. हिडन, कंडिशनल हे शब्द कंपायलरला त्या फ्लॅग्जच्या फाइलवरूनच कळतात, आणि मूळ स्क्रिप्टमध्ये ते सगळीकडे आहेत.

एक धोक्याची सूचना. -ऑल नावाचा पर्याय आहे, फाइलीऐवजी फोल्डर दिला की आतलं सगळं कंपाइल होतं. तो फक्त स्वतःच्या मॉडच्या सोर्स फोल्डरवर चालवा. मूळ सोर्सवर चालवलात तर बेथेस्डाच्या हजारो स्क्रिप्टच्या पेक्स तुमच्या मॉडमध्ये येऊन पडतील. सैल फाइली बीएसएवर (गेमच्या बांधलेल्या आर्काइव्हवर) मात करतात, त्यामुळे गेममधल्या दुरुस्त केलेल्या स्क्रिप्ट आणि एसकेएसईच्या स्वतःच्या पेक्ससुद्धा त्यांच्याखाली दबतील. तसं झालंच असेल तर मॉडच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये तुमच्या तीन सोडून बाकी सगळ्या पेक्स उडवा.

नवी स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये केली असेल तर विंडोजमध्ये व्ह्यूमधून फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून बघा. सोलचादरमेन्यू.पीएससी.टीएक्सटी असं नाव निघतं आणि वरवर .पीएससीच दिसतं. फाइलचं नाव आणि पहिल्या ओळीतलं स्क्रिप्टनेम तंतोतंत एक हवं.

---

सिद्धेश्वरकाठ

बॅट फाइल चालली. तिन्ही कंपाइल! पाथच्या शेवटची रेघ तशीच होती, ती काढल्यावर झालं. एरर येत होता तो आउटपुट फोल्डरबद्दल, म्हणून मी -ओ तपासत बसलो होतो.

आता गेममध्ये: जी बटणाने चादर अंगावर येते. पण ऊब लागत नाही, स्पेल दिसत नाही. आणि एमसीएममध्ये मेन्यूच येत नाही. कंपाइलला एकही एरर नाही, मग हे कुठे बघायचं?

---

भुईकोट

कंपायलरने नावं आणि टाइप जुळवून पाहिले, त्याचं काम तिथे संपलं. पुढचं गेमचा लॉग सांगतो, आणि तो मुळात बंद असतो. एमओमधून आयएनआय एडिटर उघडा, स्कायरिम.आयएनआयमध्ये [पॅपिरस] विभागात बीएनेबललॉगिंग, बीएनेबलट्रेस आणि बीलोडडीबगइन्फॉर्मेशन, तिन्ही १ करा. लॉग मिळेल डॉक्युमेंट्स\माय गेम्स\स्कायरिम स्पेशल एडिशन\लॉग्ज\स्क्रिप्टमध्ये, पॅपिरस.०.लॉग. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलेलं असेल तर तिथे शोधा. ० क्रमांकाची फाइल सगळ्यात ताजी.

त्यात सोलचादर शोधा. माझा अंदाज, "कॅनॉट कॉल कास्ट() ऑन अ नन ऑब्जेक्ट, अबॉर्टिंग फंक्शन कॉल" अशी ओळ असेल. स्क्रिप्टमध्ये चादरऊब ही स्पेल प्रॉपर्टी (सीकेमधून भरायची रिकामी जागा) जाहीर केली, पण सीकेमध्ये ती भरली नाही, म्हणून ती रिकामी. चादरीच्या आर्मर फॉर्मवर स्क्रिप्ट निवडून प्रॉपर्टीज उघडा. प्रॉपर्टीचं नाव आणि स्पेलचा एडिटर आयडी एकच असेल तर ऑटो-फिल स्वतःच भरतं. स्क्रिप्ट बाहेरून कंपाइल केली आहे, तेव्हा सीके एकदा बंद करून उघडा, नाहीतर नवी प्रॉपर्टी यादीत दिसायची नाही.

भरल्यावर जुन्या सेव्हवर तपासू नका. जुन्या सेव्हमध्ये ती चादर आधीच कुणाच्या अंगावर किंवा पेटीत असेल तर तिच्यासोबत रिकाम्या प्रॉपर्टीही सेव्हमध्ये गेलेल्या असतात, ईएसपी बदलून त्या भरत नाहीत. मुख्य मेन्यूवरच कन्सोल उघडून "सीओसी रिव्हरवुड" टाका, कोरा गेम सुरू होतो. चादर ॲडआयटमने घ्या आणि बघा.

एमसीएमचा मेन्यू न दिसण्याचं कारण बहुधा एलिअस. मेन्यूच्या क्वेस्टमध्ये प्लेअरचा रेफरन्स एलिअस (प्लेअरला क्वेस्टशी जोडणारी नोंद) करायचा, त्यावर एसकेआय_प्लेअरलोडगेमएलिअस ही स्क्रिप्ट लावायची, आणि क्वेस्ट स्टार्ट गेम एनेबल्ड ठेवायची. ही स्क्रिप्ट स्काययूआयचीच आहे, तिची पेक्स तुमच्या मॉडमध्ये भरू नका. एसडीके फक्त कंपाइलसाठी असतो. मॉड प्रकाशित करताना झिपमध्ये ईएसपी, मेश, टेक्स्चर, तुमच्या तीन पेक्स आणि तुमच्या तीन पीएससी, बस्स. दुसऱ्याची फॉर्म.पीएससी चुकून आत गेली तर उतरवून घेणाऱ्याच्या थरांवर तीच बसते आणि त्याचं कंपाइल मोडतं.

लॉगमध्ये "अनबाउंड नेटिव्ह फंक्शन" दिसलं तर वेगळं प्रकरण: गेम एसकेएसईच्या लोडरमधून सुरू झालेला नाही किंवा एसकेएसईची आवृत्ती गेमशी जुळत नाही. तुमचं बटण चालतंय, तेव्हा तुम्हाला ते येणार नाही.

---

सिद्धेश्वरकाठ

लॉगमध्ये शब्दन्‌शब्द तीच ओळ होती. प्रॉपर्टी रिकामी. भरली, कोऱ्या गेममध्ये स्पेल लागला. एलिअस नव्हताच, तो केल्यावर मेन्यूही आला.

एक शेवटचं विचारतो, स्क्रिप्टचं नाही. चादर जमिनीवर अंथरली की वरून दिसते, पण पालथी पडली की अदृश्य होते.

---

मागावरचा

पातळ कापडाच्या मेशला पृष्ठभाग एकाच बाजूचा असतो, मागून गेम तो रेखाटतच नाही. निफस्कोप या मेशच्या फाइली बदलायच्या प्रोग्राममध्ये चादरीच्या बीएसलायटिंगशेडरप्रॉपर्टीत शेडर फ्लॅग्ज २ मध्ये डबल साइडेड ही खूण चालू करा, पालथी चादर दिसायला लागेल.

पण सोलापुरी चादरीला तेवढ्यावर सोडू नका. त्या फ्लॅगने दोन्ही बाजूंना एकच टेक्स्चर येतं. आपली जेकार्ड चादर उलटली की नक्षी तीच राहते आणि रंग अदलाबदल होतात: वर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. घरची एखादी चादर उलटून टेक्स्चरशेजारी धरून बघा. त्यासाठी ब्लेंडरमध्ये चादरीचा पृष्ठभाग डुप्लिकेट करा, नॉर्मल (पृष्ठभाग कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते) उलटे करा, अगदी किंचित मागे सरकवा नाहीतर दोन्ही थर एकमेकांतून लुकलुकतात, आणि मागच्या थराला रंग बदललेली दुसरी डीडीएस (टेक्स्चरची फाइल) लावा. मग डबल साइडेड फ्लॅग बंदच ठेवा. मोराचं तोंड मागून उलट्या दिशेला दिसलं पाहिजे, म्हणून मागच्या थराचा यूव्ही (टेक्स्चर मेशवर कसं बसतं त्याचा नकाशा) जसा आहे तसाच राहू द्या, आरशासारखा फिरवू नका.